डोहाकाठचा माणूस

सिनेमातली नायिका प्रवरेच्या डोहात उडी घेणार होती. कोणी बुडालंच तर बाहेर काढायला म्हणून कंपनीनं कोल्हारच्या कानिफनाथला काठावर बसवलं होतं. पट्टीचा पोहणारा. सकाळपासून उन्हात बसून तो पार आंबून गेला. दुपार कलली, तरी नायिकेऐवजी उडी मारणारी बाई मुंबईहून आलीच नाही. मग मॅनेजरनं त्यालाच लुगडं नेसवलं.

"सायेब, मंग काठावर कोन ऱ्हानार?"

"माणसं आहेत कुठं? मार तू उडी, बघू."

त्यानं उडी मारली. ओलं लुगडं पायांना आवळलं. नाकातोंडात पाणी जात असताना पलीकडच्या काठावरून दिग्दर्शकाचा भोंगा त्याला ऐकू आला, "अरे, बाई बुडतेय. तो कानिफनाथ कुठं बसलाय? पाठवा त्याला लवकर."