तांबूचं दूध

"बाबा, यात गाईचं दूध नाही, नारळाचं आहे," लेकीने शिकरणाची वाटी पुढे सरकवत बजावलं. व्हीगन झाल्यापासून ती प्रथमच माहेरी आली होती.

"नारळाला आचळं असतात का गं?" दुग्धशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी टोमणा मारून चमचा तोंडात घातला.

ते थबकले. कोकणातल्या घरी आई असंच शिकरण करायची आणि 'आपल्या तांबू गाईचं दूध' म्हणून वाढायची. त्या चवीच्या शोधात त्यांनी हयातभर गाईंचं दूध तपासलं. ती कुठेच सापडली नाही. तांबूचं दूध तर सगळं रतिबाला जायचं आणि परसात माड होते, हे आज ध्यानात आलं.

"आवडलं नाही का?" लेकीने धास्तावून विचारलं.

"एवढ्याशा नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही," प्राध्यापक म्हणाले. "अजून वाढ."