क्विल्टीचं अस्सल काउंटर

आयर्लंडमधल्या एका गावातल्या बंद पडलेल्या पबचं काउंटर मॉन्ट्रियलला आणलं, की आपल्या नव्या पबला अस्सलपणा स्वस्तात येईल, हा क्विल्टीचा हिशेब. उद्घाटनाच्या दुपारी त्याच गावची म्हातारी नूला ते पाहून दारातच थबकली. “मेल्या, हे कुठून उचललंस? आमच्याकडे दारूवालाच मयताचंही बघायचा. मढी यावरच निजवायची.” “मग तर अस्सलच!” म्हणत क्विल्टी काउंटरवर आडवा झाला, छातीवर हात ठेवून. जमलेले आम्ही सगळे खिदळलो. तो उतरला, तेव्हा लाकडावर त्याच्या अंगाचा ओला आकार होता. पुसला, पुन्हा उमटला. दर खेपेला आखूड, शेवटी स्टुलावर बसलेल्या त्याच्या लहानग्या लेकीएवढा. “जागा धरलीस, आता ती रिकामी राहायची नाही,” नूला म्हणाली. “सरक, गाढवा.” ती त्या आकारावर निजली, ती उठलीच नाही. लाकूड सुकलं. पब आजही तुडुंब चालतो. बिल एक थेंबही न पिता नूलानं भरलं.