तारखेची जागा

जीप प्रेससमोर उभी करून मांडवगणचे बापूसाहेब आत आले आणि त्यांनी मातोश्रींच्या दशक्रियेचं कार्ड छापायला टाकलं. नमुन्याला पुण्याच्या पाहुण्यांचं कार्ड आणलं होतं. त्यावर आकडा ठळक आणि त्याच्या डोक्याशी बारीक 'वा' टांगलेला.

"आस्साच पायजे. दहावा आन् तेरावा, दोन्ही."

कंपोझिटर ज्ञानदेवनं '१०' आणि '१३' जुळवले. बारीक 'वा'खाली शिशाच्या पट्ट्या सरकवून तो वर उचलला.

"तारीख काय टाकू?"

"तेवढी जागा मोकळी ठेव. डाक्टर म्हणत्यात, चार-आठ दिस. मागनं लग्नसराईत तुम्हाला सवड न्हाई गावायची."

ज्ञानदेवचा हात खिळ्यांच्या खणात तसाच राहिला.

खाली शोकाकुल मंडळींची चाळीस नावं होती. एक जरी राहिलं तर भावकी दहाव्याला घाटावर पाय ठेवत नाही. म्हणून गिऱ्हाइकानं प्रूफ वाचल्याशिवाय दौंडात कुणी असलं कार्ड छापत नसे. बापूसाहेब ओलं प्रूफ घेऊन जीपकडं गेले. मागच्या सीटवर गोधडी पांघरून कुणीतरी आडवं होतं.

बऱ्याच वेळानं ते परतले. धाकट्या जावयाचं राहिलेलं नाव कोपऱ्यात पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात भरलं होतं.

"बाकी समदं बराबर हाय," बापूसाहेब म्हणाले. "त्यो 'वा' तेवढा मोठा कर. आईला दिसंना."