रिकामा खिळा

डोळे मिटून बघ हं. तू नऊ वर्षांची आहेस. फळं साठवायच्या थंड खोलीत, पेट्यांच्या मागे लपली आहेस. बाबा जवळ आले की ‘भॉ’ करायचं.

अशीच एक मुलगी लपली होती. पण बाबा आलेच नाहीत. दिवा गेला. जाड दार धप्पकन बसलं.

तिथली रीत अशी: आत जाणाऱ्याने दाराबाहेरच्या पाटीवर आपला बिल्ला खिळ्याला टांगायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. बाबांनी आपला बिल्ला काढला. सगळे खिळे रिकामे, म्हणजे खोली रिकामी. मुलीला बिल्ला नव्हताच.

तिने दार बडवलं, ओरडली. आवाज दारातच जिरला. आतून उघडायचा दांडा तिच्या दोन्ही हातांना हलेना.

बाबांना वाटतंय, मी आत्याकडे गेले. मीच तसं सांगितलं. आत्याला वाटतंय, मी अजून बाबांपाशी आहे. बाबांना वाटणार, पोरगी पोचली नसती तर आत्याने फोन केला असता. आणि आत्याला वाटणार, की बाबांना वाटणार...

इथे विचार तुटला. दात वाजत होते. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच तुटला. आणि बाबा आता कुलूप लावून घरी जाणार होते.

निघण्यापूर्वी ते न चुकता एकच गोष्ट बघत: बाहेरच्या तबकडीवरचा थंडीचा काटा. “माणूस विसरतो, काटा विसरत नाही,” म्हणत.

त्यांना मी आठवायला नको. काटा चढला तरी पुरे.

अंधारात भिंत चाचपत ती तबकडीपासून भिंतीतून आत आलेल्या काट्याच्या तारेपाशी पोचली. तारेच्या टोकाला आतली थंडी मोजणारी बोटाएवढी पितळी नळी होती. ती तिने काखेत दाबून धरली. चटका बसावा तशी थंडी झोंबली. सोडली नाही.

किती वेळ गेला, कळलं नाही. दिवा लागला. बाबा पाना घेऊन कुरकुरत आत आले. “आता या काट्याला काय धाड भरली?”

मग पाना हातातून पडला. “अगं, तू आत्याकडे ना?”

“आत्याला वाटतंय, मी तुझ्यापाशी.”

बाबांनी तिला उचलून बाहेर आणलं, आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळलं. जरा वेळाने ते आत राहिलेला पाना आणायला वळले.

तिने त्यांची बाही धरली. त्यांच्या खिशातला बिल्ला काढला आणि टाचा उंचावून खिळ्याला टांगला.