मुकादमाची भाकरी

शहरात इमारतींच्या मंजुऱ्या धडाधड सुटल्या आणि स्लॅबखाली लावायचे टेकू भाड्यानंही मिळेनात.

"गेल्या आठवड्यातल्या स्लॅबचे काढ, नव्या साइटला धाड," बिल्डर फोनवर खेकसला.

"कच्चाय अजून, साहेब."

"मग दुसरा मुकादम बघू?"

रंगनाथ मुकादमानं टेकू काढून घेतले. आता रीतीप्रमाणे त्यानं आधी स्लॅबखाली बसून भाकरी मोडायची, मगच कामावरच्या बायांनी लेकरं घेऊन सावलीला यायचं. तो बसला.

भाकरीवर भुकटी पडली. त्यानं वर पाहिलं. केसाएवढी चीर डोळ्यांदेखत लांबत होती.

"येऊ नका!" भाकरीचा हात हलवत तो ओरडला. शेजारच्या साइटवरच्या मिक्सरच्या घरघरीत आवाज विरून गेला.

"मुकादम बोलावतोय, पक्काय स्लॅब," म्हणत बायांनी लेकरं काखोटीला मारली.