शिखरावरची थंडी

हेरंब दातारांची नोकरी शिखरावर बसून कुडकुडण्याची होती. खाली कुठेच थंडी उरली नव्हती, म्हणून त्यांची थंडी मनगटी पट्ट्यांतून हजारो वर्गणीदारांच्या अंगावर शहारा आणत असे. दातारांनी स्वेटर घातला की तक्रारी येत. वर ऊन होतं, पण दाखवण्यापुरतं. बोलायला वारा होता, पण तो कुणाचं ऐकून घेत नसे.

संध्याकाळी अकोल्याहून बायकोचा फोन आला.

“अहो, मीपण वर्गणी भरलीय. तेवढंच तुमच्याजवळ बसल्यासारखं वाटतं.”

“बरं केलंस, वृंदा. कशी आहे थंडी?”

“छान आहे. पण डाव्या करंगळीला काहीच लागत नाही हो.”

दातारांची हिमदंश झालेली ती करंगळी तळछावणीच्या डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात काढली होती.

“अगं, इथून रेंज कमी पडते,” दातार म्हणाले.

“मग हात खिशात घाला,” वृंदा म्हणाली आणि तिनं बराच वेळ फोन ठेवला नाही.