तीन तासांची रत्नागिरी

गोव्याहून मुंबईला परतणारी बोट रत्नागिरीला तीन तास थांबणार होती. तेवढ्यात उतरून काय बघायचं, यावर गिरणीतल्या दोस्तांचं एकमत होईना.

"धाकू, मुलूख तुझा. तूच सांग, थिबा राजवाडा की भाट्याचा किनारा?"

"तुम्ही या जाऊन. माझं डोकं दुखतंय."

बंदरावर गावचं कुणी भेटलं तर? 'यंदा रजा नाही, येत नाही' असं घरी कळवून त्यानं रजा गोव्यात घालवली होती.

दोस्त गेले. धाकू कठड्याशी जाई नि पुन्हा मागे येई.

इतक्यात मुंबईला जाणारे उतारू घेऊन बंदरावरची होडी, पडाव, बोटीला लागला. फणस सावरत सगळ्यांत आधी वर चढली ती त्याची आय. त्याला बघून तिचा चेहरा फुलला.

"मी ममईला येतेय ह्यो माजा कागद पोचला म्हनायचा! रजा नसताना न्यायला आलास रं?"